चुनखुंटी

लुआनच्वांग गावात बांधावरून भांडण झालं नाही असा एक पेरा गेला नसेल. मुलूख सगळा सपाट. टेकाड नाही, ओढा नाही, नजर अडवायला काही नाही. गहू काढला की मका, मका काढला की गहू. असल्या जमिनीत माझं कुठं संपलं आणि तुझं कुठं लागलं हे सांगायला वीतभर रुंदीचा बांध. आणि शेजाऱ्याच्या नांगराला बांधाची चटक असतेच. दरसाली तो बोटबोट खातो.

म्हणून जुन्या माणसांनी बांधाच्या पोटात दुसरी खूण ठेवली होती. वाटणी झाली की शेताच्या कोपऱ्यावर पहार ठोकायची, खांद्यापर्यंत हात जाईल इतकी खोल. पहार उपसून त्या भोकात चुना ठासून भरायचा आणि वरून माती सारखी करायची. पाऊस मुरला की चुन्याचा दगड होतो. वरती नांगर फिरो, मका डोलो, बांध वाहून जावो, खालची पांढरी खुंटी जागची हलत नाही. भांडण हातघाईवर आलं की चार माणसं फावडी घेऊन यायची, कोपरा खणायची, पांढरं दिसलं की दोन्हीकडची तोंडं बंद. 'माणूस खोटं बोलंल, चुना बोलायचा न्हाई,' ही गावाची म्हण.

सूयिंग ही शौतियेनची बायको. शौतियेन या नावाचा अर्थच शेत राखणारा, पण नवरा स्वभावानं मेंढरू, त्यामुळं राखायचं काम हिच्याकडं. ती विळ्यासारखी होती. कुठूनही धरा, कापायचीच. तिच्या बांधाला बांध गेन्शेंगचा. नात्यानं चुलत दीर आणि गावातला नंबर एकचा बांधखाऊ. एका साली मका गुडघ्याला आला तेव्हा हिच्या ध्यानात आलं की त्याची एक अख्खी ओळ आपल्या शेतात उभी आहे.

"गेन्शेंग भावजी, तुमच्या नांगराला डोळं हाईत का नुसतं पोटच?"

"मी काय केलं वैनी? बांध वाऱ्यानं सरकला आसंल."

"व्हय का? मग त्या वाऱ्याला म्हणावं माझ्या घरी बी येऊन जा. चुलीतली राख तेवढी ने."

माणसं जमली. कालव्याकडचा कोपरा खणला. पांढरं लागलं ते गेन्शेंगच्या ओळीच्या पार पलीकडं. सूयिंग पुढं झाली. ओळ मुळासकट उपटली आणि त्याच्याच बैलापुढं नेऊन टाकली. गाव आठवडाभर हसलं.

गेन्शेंगच्या जिव्हारी लागलं. पुढच्या पेऱ्याला तो पंच घेऊनच आला. "त्या कोपऱ्याचं झालं. आता वीटभट्टीकडचा खणा. तिकडं हिनं माझं खाल्लंय!"

खाल्लं नव्हतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. फावडी उचलून मंडळी भट्टीकडच्या कोपऱ्याला निघाली तशी सूयिंग आडवी झाली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"खणू नगा."

"का? भ्यालीस व्हय?"

"व्हय, भ्याले. नांगराचं एक तास घ्या तुमी. पार या टोकापास्नं त्या टोकापतोर. पर हितं फावडं लावू नगा."

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. ओंजळभर मातीसाठी दिराच्या अंगावर जाणारी बाई नांगराचं अख्खं तास सोडून देते? "वाघिणीचं दात पडलं," म्हणत मंडळी परतली. गेन्शेंगनं ते तास नांगरलं, पेरलं, पण त्या मक्याची त्याला काही चव लागली नाही. जिंकल्यासारखं वाटेना. शौतियेन लांब उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

त्या कोपऱ्यात ओंबी होती.

पोरगी झाली तेव्हा गहू भरात आला होता, म्हणून नाव ठेवलं माईस्वेइ, म्हणजे गव्हाची ओंबी. हिरव्या ओंब्या जाळावर भाजायच्या, तळहातावर चोळायच्या, फुंकर मारायची आणि बोकणा भरायचा, हे तिचं सगळ्यात मोठं सुख. हंगामात पोरीचं तोंड कोळशासारखं काळं. वाढदिवसाला तिकडं पोरांना उकडलेलं अंडं देतात, ते आधी अंगावरून फिरवायचं, मग सोलायचं. ही अंडं अर्धं खायची आणि अर्धं खिशात घालून शेतात न्यायची, ओंब्यांबरोबर खायला. दुसरीत होती. गव्हाच्या काढणीत ताप आला, तो डोक्यात गेला. तालुक्याच्या दवाखान्यात नेईतो डोळे फिरले होते.

आईबापाआधी जाणारं पोर हे पोर नसतंच, असं त्या भागात मानतात. मागल्या जन्मीचं घेणं वसूल करायला आलं होतं, घेऊन गेलं. त्याला पुरायला पेटी नाही, वर मातीचा ढीग नाही, दगड नाही, पितरांच्या दिवशी कागदी पैसे जाळणं नाही. कुळाच्या थडग्यांत जागा नाही. बापानं नाहीतर चुलत्यानं चटईत गुंडाळून न्यायचं आणि कुठं ठेवलं ते आईला कधी सांगायचं नाही. आईला कळलं तर ती तिथं जाऊन रडेल, आणि रडणं ऐकून ते घेणेकरी पुन्हा घरातल्याच कुणाच्या तरी पोटी येईल.

शौतियेन पोरीला घेऊन गेला तो अंधार पडायच्या आत परत आला. हातपाय धुतले. सूयिंगनं पुढ्यात शेवया ठेवल्या. कुठं ठेवलं, असं तिनं विचारलं नाही. भांडलीही नाही. वर्षभर ती भांडली नाही, कुणाशीच नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. पुढच्या पेरणीच्या वेळी बैल सोडता सोडता, दुसरीकडं बघत तो म्हणाला, "भट्टीकडच्या कोपऱ्याला नांगर जरा वरनं धरत जा."

ती जागच्या जागी उभी.

"चुना तिच्या उशाला हाय," एवढं बोलून तो बैलांमागं निघून गेला.

बास. पुन्हा त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. ढीग नाही, दगड नाही, पण खाली पांढरी खुंटी उभी आहे आणि तिच्या पायाशी पोर निजली आहे, इतकं सूयिंगला पुरलं. ती पुन्हा भांडायला लागली. दरसाली ओंबीच्या वाढदिवशी एक अंडं उकडायची आणि कोपऱ्यात पुरून यायची. कुणी बघितलंच तर म्हणायची, "उंदरांचं जेवण घालतीय. तुला का पोटदुखी?"

शौतियेन गेला. त्याला मात्र रीतसर पेटी मिळाली, शेताच्या मधोमध ढीग मिळाला. पोरगा येनपिंग शहरात, चेंगचौला बांधकामावर गेला आणि तिथलाच झाला. गावातली धडधाकट माणसं तशीच एकेक करून गेली. राहिले म्हातारे, म्हाताऱ्या आणि गेन्शेंग.

मग एक दिवस गावप्रमुख पाओशानचा भोंगा वाजला. मोठी कंपनी येणार. सगळी जमीन एकगठ्ठा वीस वर्षांच्या भाड्यानं घेणार, शहरांसाठी चिनाराची झाडं लावणार. घरबसल्या पैसे, वर त्याच रानात रोजगार. अट एकच: बांध मोडायचे. यंत्राला बांध चालत नाहीत.

"बांध मोडले तर माझं कंचं, तुझं कंचं कसं कळायचं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कशाला कळायला पायजे, आजोबा? भाडं तर मिळतंय!"

"आन् वीस वर्सांनी?"

"वीस वर्सांनी तुमी आसणार का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. म्हाताराही हसला. हसण्यासारखंच होतं.

गावानं अंगठे दिले. सूयिंगनं दिला नाही. तिचं शेत बरोबर मधोमध. पाओशान दिवसाआड दारात यायला लागला. काकू, गावाचं नुकसान करू नगा. बायका पाणवठ्यावर ऐकू येईल अशा बोलायच्या, "काहींना म्हातारपणी बी बांध लागतो बाई, उशाला घेऊन झोपायला." येनपिंगचा फोन: "आई, देऊन टाक. तू कसणार हायस का मी? सूनबाईला दिवस गेल्यात. तू हिकडंच ये."

एकदा कंपनीचा चष्मेवाला इंजिनियर शेत बघायला आला. पोर चांगलं होतं, बोलायला मऊ. सूयिंगनं त्याला गाठलं.

"तुमी किती खोल नांगरनार?"

"फार तर गुडघाभर, मावशी."

खुंटीचं बूड आणि पोर गुडघ्याच्या बरीच खाली. सूयिंगच्या छातीतला दगड जरा हलला.

"आन् झाडं? ती कवा तोडनार?"

"तोडायची न्हाईत, मावशी. जगवायची."

त्याचं म्हणणं खरं होतं, तरी तिचा समज चुकला. लुआनच्वांगात झाड विकायचं म्हणजे बुंध्याशी कुऱ्हाड घालायची. खोड जातं, मूळ मातीत राहतं. याच्यापलीकडं झाड विकायची काही रीत असेल हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सूयिंगनं मनाशी जुळवलं: वर झाड, खाली चुना, चुन्यापाशी पोर. उघड्या रानापेक्षा सावलीत बरी.

अंगठ्याच्या आधी एक काम उरलं होतं. शेताशेतातले थडग्यांचे ढीग हलवून गावाबाहेर एका जागी न्यायचे होते. पाओशान घरोघर विचारत आला. येनपिंग आणि सून त्यासाठीच गावी आली होती. पोटावर हात ठेवून सून दारात उभी.

"काकू, तुमच्या रानात शौतियेन काका एकटंच ना?"

सूयिंगनं तोंड उघडलं. सुनेच्या पोटावरच्या हाताकडं तिची नजर गेली. बोललं तर ते घेणेकरी ऐकेल. ऐकलं तर येईल.

"काकू?"

"एकटंच," ती म्हणाली.

येनपिंग मान खाली घालून चप्पल झटकत होता. बहीण गेली तेव्हा तो पाळण्यात होता. आपल्याला बहीण होती हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बांध मोडायला एक दिवससुद्धा लागला नाही. सकाळी शेतं होती तिथं संध्याकाळी एक तवा पसरलेला. माणसं आपापली शेतं बघायला आली आणि कडेला उभी राहिली. कुणाचा पाय कुठं ठेवायचा, कळेना. गेन्शेंगनं लहान पोरासारखं एकदा या टोकाकडं, एकदा त्या टोकाकडं पाहिलं. "वैनी, आता भांडायचं कशावरनं गं?"

"तुमाला काय, तोंड हाय तवर कारन सापडंल."

सूयिंग कंपनीच्याच रोजावर लागली. स्वतःच्या शेतात दुसऱ्याचं तण उपटायचं. बांध नव्हता, पण भट्टीचं धुराडं आणि विजेचा खांब एका रेघेत आले की पावलं आपोआप थांबायची. नंतर सरकारनं धूर होतो म्हणून भट्टी बंद केली आणि धुराडं पाडलं. तोवर झाडंही डोक्यावर गेली होती, खांब दिसेना. पण तिला आता रेघेची गरज नव्हती. तिथलं झाड तिनं हेरून ठेवलं होतं. खाली एक फांदी वाकडी, हात पुढं केल्यासारखी. दरसाली अंडं त्याच्या बुडाशी. मुकादम ओरडायचा, "ओ आजी, खत आमी घालतो, तुमी कशाला?"

"तुमचं खत तुमी खा," ती म्हणायची.

नातू त्या पहिल्याच साली झाला होता. पोर महिन्याचं झालं की घालतात त्या जेवणाला ती चेंगचौला गेली होती. पोराला तिनं मांडीवर घेतलं. ओळखीचं काही दिसतंय का ते तिनं टक लावून बघितलं. काही दिसलं नाही. नातू नातवासारखाच होता. बरं वाटलं का वाईट, तिचं तिलाच कळलं नाही.

नातू शाळेत जायला लागला त्या साली ती पुन्हा चेंगचौला गेली. परत आली ती मोटार स्टँडवरून थेट रानात. आणि समोर आभाळ. जिथं पानाला पान लागून चिनार गच्च होते, तिथून पलीकडचं गाव दिसत होतं. झाडं नव्हती, बुंधेही नव्हते. नुसते खड्डे. बैलगाडीचं चाक मावेल असे गोल, ओळीनं, नजर पोचेल तिथवर. एका खड्ड्याच्या काठावर गेन्शेंग पेंढ्याच्या दोराच्या वेटोळ्यावर बसून बिडी ओढत होता.

"झाडं कुठाईत?"

"गेली. शेहरात रस्ते झाल्यात म्हनं नवं. ट्रकांनी न्हेली."

"आन् हे खड्डं?"

"मातीसकट न्हेत्यात, वैनी. मूळ तुटाय नगो म्हनून भवतीची माती गोळा करून त्याला दोर गुंडाळायचा आन् उचलायचं क्रेननं. मीच गुंडाळलं. हाताला बघ कशी सालटं निघाल्यात." तो बोलता बोलता थांबला. "तुझ्या कोपऱ्यातलं झाड उचललं तवा गोळ्यात पांढरं दिसलं. पोरं इचारत हुती, ह्ये काय? मी म्हनलं, चुनखुंटी हाय ती. चांगलं खोल गेलं हुतं बग मूळ त्या झाडाचं. बाकीच्यापरास ज्यादा खोल खनावं लागलं."

सूयिंग तिच्या खड्ड्यापाशी गेली. वाकड्या फांदीची काही पानं काठावर चुरगाळून पडली होती. ती खड्ड्यात उतरली. म्हातारी पाय घसरून बसलीच, तशीच बसल्या बसल्या हातानं भिंत चाचपत गेली. पांढरं लागलं. यंत्राच्या दातानं खुंटी उभी चिरली होती. अर्धी भिंतीत राहिली होती, अर्धी गोळ्याबरोबर गेली होती. राहिलेल्या अर्ध्या खुंटीच्या मागं कोरी, कधी न खणलेली, पिवळी घट्ट माती. पुढं खड्डा.

चुना तिच्या उशाला होता. आणि उशापासून पायापर्यंतची सगळी माती गेली होती.

गेन्शेंग काठावर येऊन उभा राहिला. बिडी विझली होती. खाली बसलेल्या बाईकडं बघता बघता त्याला एकाएकी ते साल आठवलं. फावडी, आडवी झालेली वैनी, पांढरा चेहरा. पोरगी त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. त्याच्या मक्याची कणसं चोरून भाजणारी.

"वैनी," तो म्हणाला. "ओंबी का?"

सूयिंगनं खुंटीवरची माती तळव्यानं पुसली.

"आईच्यान, मला ठावं नव्हतं गं. मी सोताच्या हातानं दोर..." त्यानं आपल्या सालटं निघालेल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, "त्ये तास मी घ्याय नगो हुतं."

"गप ऱ्हावा, भावजी. हात द्या मला."

त्यानं हात दिला. काठावर आल्यावर तिनं विचारलं, "कुठं न्हेली?"

"लई ट्रक हुतं. एक चेंगचौला, एक आनी कुठं, एक आनी कुठं. तुझ्यावालं कशात गेलं, बघितलं न्हाई म्या. दोर गुंडाळत हुतो."

दोन वर्षांत कंपनीला झाडं परवडेनाशी झाली. आधी भाडं थांबलं, मग मुकादम, मग एक दिवस फाटकाला कुलूप. पाओशानच्या भोंग्यातून आलं की जमीन ज्याची त्याला परत. माणसं फावडी घेऊन रानात गेली, जुन्या सवयीनं कोपरे शोधायला. खणलं तिथं माती, खणलं तिथं माती. कुणाला फुटका चुना सापडला तर तो खड्डे बुजवताना लांबून ढकलत आलेला. ज्या गावात चुना कधी खोटं बोलला नव्हता, तिथं आता चार माणसं चार ठिकाणी पांढरं दाखवत होती. मारामारी झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकून वाटलं. वरची काळी माती झाडांबरोबर गेली होती. हाती आली ती खालची पिवळी. त्यात पहिल्या साली मका गुडघ्याच्या वर उठला नाही. सूयिंगच्या वाट्याला गावाच्या दुसऱ्या टोकाचं रान आलं. ते तिनं बघितलंही नाही. गेन्शेंगला म्हणाली, "तुमीच कसा. बांध खायचं कष्ट वाचलं तुमचं." त्याला हसू आलं नाही.

ती लेकाकडं गेली.

येनपिंग राहायचा त्या इमारतीपुढून नवा रस्ता जात होता. रुंद, सरळ, नजर पोचेल तिथवर. दोन्ही कडेला चिनार, प्रत्येकाला तीन-तीन लाकडांचा टेका. हिवाळा गेला, पालवी फुटली, आणि ओंबीचा दिवस आला. सूयिंगनं सकाळीच एक अंडं उकडलं. सुनेला वाटलं नातवासाठी. नातवाच्या अंगावरून अंडं फिरवल्यासारखं करून तिनं ते खिशात टाकलं आणि खाली उतरली.

रस्ता झाडणारी एक बाई पदपथावर डबा उघडून बसली होती. बोलण्यावरून खेड्यातली.

"बाई, ही झाडं कुठली?"

"काय म्हाईत? रानातनं आनल्यात कुठल्या तरी. आमच्याकडनं बी न्हेली हुती." तिनं वाफेचा पाव मोडला. "का वो?"

"माझ्या रानातलं एक हाय हितं. आसंल. चुन्याजवळचं."

बाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं, आणि हसली. तिचं हसणं वाईट नव्हतं. "चुन्याजवळचं? आवो आजी, जरा बघा तर खरं."

सूयिंगनं बघितलं. कीड लागू नये म्हणून महापालिकेची माणसं दरवर्षी चुना लावतात. मातीपासून कंबरेपर्यंत प्रत्येक बुंधा पांढरा. इकडचा पांढरा, तिकडचा पांढरा, वळणावर दिसेनासा होई तिथवरचा पांढरा. वाकडी फांदी एकालाही नव्हती. शहरात आणताना खालच्या फांद्या छाटतात.

ती पहिल्या झाडापाशी वाकली. खिशातून अंडं काढलं, सोललं, चिमटीनं एक तुकडा मोडला आणि टेक्याच्या आत मातीवर ठेवला. मग दुसऱ्या झाडापाशी गेली. मग तिसऱ्या. तुकडे लहान लहान होत गेले, शेवटी बोटाला नुसतं पिवळं लागलेलं. तेही तिनं एका बुंध्याच्या चुन्याला पुसलं.

अंडं संपलं. पुढं झाडं होतीच.